राष्ट्रीय नकाशाचा डेटा आयएसओच्या नियमात कसा बसवायचा

सगळ्यात आधी सॉफ्टवेअर बंद करा आणि कागद घ्या, कारण बहुतेक जण थेट टेबल बनवायला बसतात आणि तिथेच फसतात. आयएसओ म्हणजे मानकं ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था, आणि तिचं १९१०९ हे मानक सांगतं की आधी ठरवा तुमच्या जगात कुठल्या वस्तू आहेत, म्हणजे नदी, रस्ता, गाव, आणि मग त्यांचं यूएमएल चित्र, म्हणजे वस्तू आणि त्यांचे संबंध ठरलेल्या खुणांनी दाखवणारी आकृती, काढा. हेच तुमचं मॉडेल. प्रत्येक वस्तूची व्याख्या आयएसओ १९११० प्रमाणे कॅटलॉगमध्ये लिहायची, अगदी "ओढा म्हणजे काय" हेसुद्धा, नाहीतर एका जिल्ह्यातला ओढा शेजारच्या जिल्ह्यात नाला होतो आणि जोडताना डोकं फिरतं.

आता भीमा नदी घ्या. पंढरपुरात तिलाच चंद्रभागा म्हणतात. नावाचा एकच रकाना ठेवलात तर एक नाव गेलंच ना! म्हणून मॉडेलमध्ये नाव "एक किंवा अनेक" असं ठेवा आणि नदीला एकच कायमचा आयडी द्या. मोठ्या स्केलवर ती पॉलिगॉन (बंद आकार), लहान स्केलवर रेषा, पण आयडी तोच, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

भूमितीचे प्रकार (बिंदू, रेषा, पॉलिगॉन) आयएसओ १९१०७ मधून घ्या, स्वतःचे बनवू नका. कोऑर्डिनेट सिस्टीम, म्हणजे जागेचे आकडे कुठल्या पद्धतीने मोजलेत ते, लिहायला विसरू नका हं. यूटीएम ही पृथ्वीचे उभे पट्टे (झोन) पाडणारी अशीच एक पद्धत, आणि महाराष्ट्र तिच्या ४३ आणि ४४ अशा दोन झोनमध्ये येतो, पुणे ४३ मध्ये तर नागपूर ४४ मध्ये.

मेटाडेटा, म्हणजे डेटा कोणी, कधी, कसा गोळा केला ही माहिती, आयएसओ १९११५ प्रमाणे, तोही सर्व्हे चालू असतानाच भरा, नंतर कोणालाच काही आठवत नाही.