बग कळवण्याआधी कोड छाटा

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत राउंड फंक्शनला (संख्या जवळच्या पूर्णांकावर नेणाऱ्या) २.५ दिलं की उत्तर ३ नाही, २ येतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बग सापडल्याच्या आनंदात तक्रार लिहायलाच बसलो होतो. नशीब, आधी डॉक्युमेंटेशन उघडलं. बरोबर मधोमध पडणारी संख्या जवळच्या सम संख्येकडे न्यायची, असा तिथे नियमच आहे.

डॉक्युमेंटेशननंतर जुने इश्यू, म्हणजे आधी कुणी नोंदवलेल्या तक्रारी, शोधा, बंद झालेलेसुद्धा. पायथनचे इश्यू २०२२ पासून गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर आहेत. शोधताना एररचा नेमका मजकूर टाका.

तरीही बगच वाटतोय? मग कोड छाटायला घ्या. एक ओळ काढा, चालवा. एरर अजून येतेय? पुढची काढा. यायची थांबली की ती ओळ परत ठेवा. तीनशे ओळींची फाइल अशी आठ-दहा ओळींवर येते, आणि बऱ्याचदा वाटेत आपलीच चूक सापडते! उरलेला कोड मजकूर म्हणूनच चिकटवा. स्क्रीनशॉट कोण टाइप करत बसणार? सोबत पूर्ण आवृत्ती (नुसतं ३.१२ नको, ३.१२.४), ऑपरेटिंग सिस्टिम, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, हे लिहा.

सुरक्षेतली फट मात्र उघड इश्यूत टाकू नका, ती खासगीत कळवायची असते.

नवीन सुविधा मागायची तर मामला वेगळा. भाषेत एकदा आलेली गोष्ट काढणं महाकठीण, म्हणून मोठ्या बदलासाठी पायथनमध्ये पेप आणि रस्ट या दुसऱ्या भाषेत आरएफसी, म्हणजे बदलाचा सविस्तर लेखी प्रस्ताव, लिहावा लागतो. तिथे आधी अडचण दाखवा: आज तेच काम करायला जो वेडावाकडा कोड लिहावा लागतो, तोच समोर ठेवा.