पिकअप उचलून घेतलीय? पाटे बदलण्याआधी या चुका टाळा

जुनी पिकअप उंच करून घेतली की काही महिन्यांत तक्रारी सुरू होतात. मागून आदळते, एका बाजूला झुकते, क्लच सोडला की थरथरते, ब्रेक पूर्वीसारखा लागत नाही. गॅरेजमध्ये उत्तर तयार असतं: "पाटे गेलेत, नवीन टाका." पाटे म्हणजे चाकांवर गाडीचा भार झेलणाऱ्या पोलादी कमानी. कधीकधी पाटे गेलेलेही असतात. पण उचललेल्या गाडीत बऱ्याचदा पाटा धडधाकट असतो आणि बिघाड असतो तो पाटा जिथे बांधलाय, टेकलाय किंवा लटकलाय तिथे. त्याच चुकीच्या जोडणीत नवे पाटे बसवले तर पुढच्या पावसाळ्यात तीच रड.

टेप न लावता निदान करणं

गाडी झुकलीय हे डोळ्यांनी ठरवू नका. मुंबईत सपाट जमीन मिळणंच मुश्कील. सोसायटीच्या पार्किंगलाही गटाराकडे उतार असतो. जागा नीट बघून गाडी रिकामी उभी करा, चारही चाकांत हवा कंपनीने सांगितली तेवढी ठेवा आणि मग चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत चारही ठिकाणी मोजा. त्यानंतर हाउजिंगपासून (दोन चाकांमधला ॲक्सलचा आडवा नळा) चासीपर्यंत (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) मोजा. मडगार्डला फरक आहे पण चासीला नाही, तर पाट्याचा दोष नाही. बॉडीखालची रबरं बसलीत किंवा हौदा वाकलाय.

पुढचा एक कोपरा बसला की मागचा तिरका कोपरा उचलल्यासारखा दिसतो, म्हणून पुढचं मोजल्याशिवाय मागचं उघडू नका. तरीही शंका राहिली तर मागचे दोन पाटे डावे-उजवे बदलून बसवा. झुकाव दुसरीकडे गेला तर दोष पाट्यात, तिथेच राहिला तर चासी, हँगर (पाटा चासीला धरणारा कंस) किंवा बुशमध्ये (पाट्याच्या टोकातलं रबर). मजुरी लागते, पण नव्या जोडीपेक्षा कमीच.

जुनेच यू-बोल्ट पुन्हा वापरणं

सगळ्यात जास्त त्रास इथून सुरू होतो. पाटा हाउजिंगला बांधणारा यू-बोल्ट ताणूनच पकड देतो. एकदा ताणलेला, गंजलेला, आटे झिजलेला बोल्ट पुन्हा आवळला तर पान्याला घट्ट लागतो, पण पकड पूर्वीइतकी राहत नाही. मग हाउजिंग पाट्यावर किंचित सरकायला लागतं आणि सगळा मार पाट्यांच्या मधल्या भोकातल्या सेंटर बोल्टवर येतो. सेंटर बोल्टचं काम फक्त जागा दाखवायचं, भार सोसायचं नाही. तो कापला गेला की हाउजिंग एका बाजूने मागे जातं आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. स्टिअरिंग सरळ असूनही मागची चाकं पुढच्यांच्या रेषेत येत नाहीत, टायर एका कडेने खातो. आणि मालक फेऱ्या मारतो व्हील अलाइनमेंटच्या दुकानात!

तपासणी सोपी आहे. पाट्याच्या पुढच्या डोळ्यातल्या (टोकाच्या गोल कडीतल्या) बोल्टपासून हाउजिंगपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. फरक दिसला तर हाउजिंग सरकलंय. नवे यू-बोल्ट टाका, नट तिरपे-तिरपे थोडे थोडे आवळा, शेवटी टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) लावा. शे-दोनशे किलोमीटर गाडी चालली की परत आवळा. नव्या जोडणीतला रंग आणि गंज दबून जागा सुटते, म्हणून ही दुसरी फेरी टाळू नका. खड्ड्यांच्या घोडबंदर रोडवर रोज ये-जा असेल तर आणखी लवकर.

ठोकळे घालून उंची मिळवणं

हाउजिंग आणि पाट्याच्या मध्ये लोखंडी ठोकळा टाकला की गाडी स्वस्तात उंच होते. मागे, एकच आणि मापात असेल तर चालूनही जातं. पुढच्या पाट्यांखाली मात्र नकोच, कारण ब्रेक मारल्यावर तिथे जोर सगळ्यात जास्त येतो. ठोकळ्यावर ठोकळाही चढवू नका. ठोकळा जितका उंच, तितका हाउजिंगला पाटा पिळायला लांब दांडा मिळतो. कसाऱ्याच्या चढावर भरलेली गाडी उभी राहून पुन्हा निघते तेव्हा पाटा इंग्रजी एससारखा वळतो, सुटतो, परत वळतो. तीच ती धडधड. क्लचप्लेट बदलून ती जात नाही. मित्राला बाजूला लांब उभं करून हाउजिंगचं तोंड (जिथे प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून येणारा फिरता दांडा, जोडलेला असतो) वर उचलतंय का ते बघायला सांगा. गाडीखाली कोणी जायचं नाही.

उतरते (एका बाजूला पातळ) ठोकळे असतील तर दिशा तपासा. पाटा हाउजिंगच्या वर बसणाऱ्या गाडीत पातळ बाजू पुढे आली तर हाउजिंगचं तोंड वर होतं. उलटं बसवलं की ते खाली जातं, प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो आणि ठरावीक वेगाला गुणगुण सुरू होते. लोक मग शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस बदलत राहतात.

शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चासीला झुलतं धरणारा दुवा, लांब करायचा मोह वेगळा. शॅकल दोन इंच लांब केलं तर गाडी साधारण एकच इंच उचलते. उंचीसाठी जास्त वाकवलेल्या नव्या पाट्याची दोन डोळ्यांमधली लांबी कमी होते, त्यामुळे मागचं शॅकल पुढे ओढलं जातं. खड्ड्यात पाट्याला लांब व्हायला वाटच राहत नाही आणि कंबर मोडते ती चालवणाऱ्याची.

ब्रेकचा व्हॉल्व्ह विसरणं

अनेक पिकअपना मागच्या ब्रेकसाठी भार ओळखणारा व्हॉल्व्ह असतो. चासी आणि हाउजिंगमध्ये बारीक दांडा असतो. हौदा भरला, गाडी बसली की दांडा हलतो आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. गाडी उचलली आणि दांडा होता तसाच ठेवला, तर व्हॉल्व्हला गाडी कायम रिकामीच वाटते. मग वाशी मार्केटमधून माल भरून निघालात तरी मागचा ब्रेक अर्धवट. दांड्याचं ब्रॅकेट उंचीप्रमाणे सरकवून घ्यावंच लागतं. त्याच वेळी ब्रेकचा रबरी पाइप बघा. मागचं चाक पूर्ण लटकलं की तो ताणला जाता कामा नये. शॉकअब्सॉर्बर जुन्याच लांबीचे असतील तर तेही पूर्ण उघडून आतून आदळतात, आणि तो आवाज पाट्याच्या नावावर खपतो.

गाडी जॅकवर असताना बुशचे बोल्ट आवळणं

रबरी बुश बोल्टभोवती फिरत नाही, पिळलं जातं. चाकं लटकत असताना बोल्ट आवळलात तर गाडी खाली उतरल्यावर बुश कायमचं पिळलेलं राहतं. ते लवकर फाटतं, गाडीही कडक वाटते. बोल्ट आधी हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-चार वेळा दाबून हलवा आणि मग आवळा.

कुरकुर थांबवायला जळकं ऑइल मारायची आपल्याकडची पद्धत बंद करा. त्यावर धूळ चिकटून पाटे घासतात आणि बुशचं रबर फुगतं. पाटे उघडून घासा, मध्ये ग्रॅफाइट ग्रीस लावा. नागाव-काशिदच्या वाळूत गाडी घालून आला असाल तर खालून गोड्या पाण्याने धुवा. खारं पाणी पाट्यांच्या फटीत बसून राहतं.

तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग करू नका, आणि गॅसवर तापवून वाक काढू देऊ नका. स्प्रिंगचं पोलाद कडक करून मग ठरावीक तापमानाला पाणी दिलेलं (पुन्हा तापवून चिवट केलेलं) असतं. ज्योत लागली की त्या जागेचं पाणी उतरतं आणि पाटा तिथेच बसतो किंवा तुटतो. वाक काढायचा तर पूर्ण भट्टी असलेल्या कमानवाल्याकडेच.

एक कागदोपत्री गोष्टही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत मूळ रचनेला सोडून बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. फिटनेसला किंवा अपघातानंतर विम्याच्या वेळी हे आडवं येऊ शकतं. उंची वाढवून त्रासच जास्त होत असेल तर ठोकळे काढून मूळ उंचीवर येणं हाही इलाज आहे. माझं मत विचाराल तर शहरात माल वाहणाऱ्या गाडीसाठी तोच पहिला.

शेवटी पाटे घ्यायचेच ठरले आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने बघायला गेलात, तर मधल्या भोकाच्या आसपास आणि पाटे एकत्र धरणाऱ्या क्लिपच्या जागी नीट बघा. तडे बहुधा तिथेच सुरू होतात. पाटा घासून घ्या, रॉकेल लावा, काही वेळाने कोरडा पुसा आणि वर खडू फासा. तडा असेल तर आतलं रॉकेल झिरपून खडूवर काळी रेघ उमटते. रेघ दिसली की तो पाटा परत ढिगात टाका, दुकानदार किमतीत कितीही सूट देत असला तरी.