डीएसएल मोडेमला वेगळा राउटर कसा जोडावा

बीएसएनएलने जानेवारी २००५ मध्ये ‘डेटावन’ सुरू केले आणि लँडलाइनच्या त्याच तांब्याच्या तारेवरून ब्रॉडबँड घरोघरी आले. आता शहरांत फायबर पोचले आहे, तरी जिथे तार अजून शाबूत आहे तिथे डीएसएल, म्हणजे त्याच तारेवरचे ब्रॉडबँड, चालूच आहे. अशा घरांत सहसा एकच डबा, म्हणजे मोडेम, सगळे करतो. तारेवरचा सिग्नल उलगडतो, कंपनीकडे लॉगिन करतो आणि वायफायही देतो. यातले सिग्नल उलगडण्याचे काम तो वर्षानुवर्षे बिनबोभाट करतो. वायफाय मात्र दुसऱ्या खोलीत गेले की मान टाकते. म्हणून लोक बाजारातून चांगला राउटर आणतात, मोडेमला जोडतात आणि मग नेट चालत नाही म्हणून दोन्ही डब्यांना शिव्या घालतात.

अडचण एवढीच असते की मोडेमही राउटरच असतो. लॉगिन कोणी करायचे, घरातल्या उपकरणांना आयपी पत्ते कोणी वाटायचे, हे दोघांनाही करायचे असते. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. मोडेमकडून ही दोन्ही कामे काढून घ्यायची आणि त्याला नुसता सिग्नल पुढे ढकलायला लावायचे, याला ‘ब्रिज मोड’ म्हणतात.

खरेदी करताना

राउटर घेताना मागची बाजू बघा. ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ लिहिलेले रुंद, आठ तारांच्या पिनचे भोक हवे. ‘डीएसएल’ लिहिलेले टेलिफोनच्या बारीक पिनचे भोक असेल, तर तो मोडेम-राउटर आहे आणि तुम्हाला दुसऱ्या मोडेमची गरज नाही. दुकानात या दोन्हींची सरमिसळ हमखास होते. डीएसएलचा वेग बघता अगदी महागडा राउटर घेण्यात अर्थ नाही. एडीएसएल२+ या डीएसएलच्या प्रकाराची कागदावरची कमाल २४ एमबीपीएस आहे आणि तीही एक्स्चेंजच्या जवळच्या घरांना. तार लांबली की वेग उतरतो, चार-पाच किलोमीटरवर तो अगदीच थोडा राहतो. राउटर बदलून तारेची लांबी कमी होत नाही. वायफाय घरभर नीट पोचावे एवढीच अपेक्षा ठेवा.

आधी तार तपासा

भिंतीतून येणारी टेलिफोनची तार स्प्लिटरच्या ‘लाइन’ या बाजूला, फोन ‘फोन’ला आणि मोडेम ‘मोडेम’ किंवा ‘डीएसएल’ला. बोलण्याचा आवाज चार किलोहर्ट्झच्या आत राहतो आणि डीएसएल त्याच्या बरेच वरचे पट्टे वापरते. स्प्लिटर हे दोन वेगळे करतो. घरात दुसऱ्या खोलीत एक्स्टेन्शन फोन असेल तर तोही स्प्लिटरच्या पलीकडूनच निघायला हवा, नाहीतर त्याला वेगळा फिल्टर लावा. थेट जोडलेला एक फोन सगळी लाइन बिघडवू शकतो.

मोडेमवरचा ‘डीएसएल’ दिवा न लुकलुकता स्थिर झाला की पुढे जा. तो लुकलुकतच राहिला तर सेटिंगमध्ये डोके घालू नका, दोष तारेत आहे. फोन कानाला लावा. खरखर ऐकू आली तर नक्कीच. पावसाळ्यात खांबावरच्या जोडात पाणी शिरले की नेमके हेच होते, आणि ते लाइनमनलाच दुरुस्त करता येते.

कागदावर लिहून ठेवायची माहिती

सर्वांत मोलाची माहिती म्हणजे ब्रॉडबँडचे युजरनेम आणि पासवर्ड. मोडेम उघडण्याचा पासवर्ड वेगळा, वायफायचा वेगळा आणि हा वेगळा. तिघांची गल्लत होते. जोडणी देणाऱ्याने तो मोडेममध्ये भरून ठेवलेला असतो आणि तुम्हाला सांगितलेला नसतो. मोडेमच्या पानावर युजरनेम दिसते, पासवर्डच्या जागी ठिपके असतात. तो माहीत नसेल तर मोडेमला हात लावण्याआधी ग्राहक सेवेला फोन करून बदलून घ्या. एकदा ब्रिज केले की जुना पासवर्ड परत मिळत नाही.

दुसरी माहिती म्हणजे व्हीपीआय आणि व्हीसीआय, तारेवरून कंपनीकडे जाणारी जोडणी ओळखणारे दोन आकडे. बीएसएनएलसाठी ते ० आणि ३५, एमटीएनएलसाठी ० आणि ३२. तुमच्या मोडेममध्ये वेगळे काही चालत असेल तर तेच खरे. चालू सेटिंगच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला की निम्मी चिंता मिटते.

मोडेमला ब्रिज करणे

राउटर बाजूला ठेवा. संगणक केबलने थेट मोडेमला जोडा. हे काम वायफायवरून करू नका, मधेच संपर्क तुटतो. ब्राउझरमध्ये मोडेमचा पत्ता टाका, बहुधा १९२.१६८.१.१ (आकडे इंग्रजी कीबोर्डने). पत्ता आणि मोडेमचा पासवर्ड तळाच्या चिठ्ठीवर असतो. कंपनीतून आलेला ‘अॅडमिन, अॅडमिन’ अजून चालू असेल तर आत्ताच बदला. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलचे हजारो मोडेम एका मालवेअरने बंद पाडले, त्याने असेच न बदललेले पासवर्ड शोधले होते.

आत गेल्यावर ‘इंटरफेस सेटअप’ आणि त्यात ‘इंटरनेट’, किंवा ‘अॅडव्हान्स्ड सेटअप’ आणि त्यात ‘वॅन’ असे काहीतरी दिसेल. मॉडेलगणिक नावे बदलतात. तिथे ‘पीपीपीओई’ (कंपनीकडे लॉगिन करायची पद्धत) निवडलेले असेल, त्याऐवजी ‘ब्रिज’ किंवा ‘ब्रिजिंग’ निवडा. व्हीपीआय, व्हीसीआय होते तसेच ठेवा. एनकॅप्सुलेशन ‘एलएलसी’ असेल तर त्यालाही हात लावू नका. काही मोडेमांत एकाच वेळी अनेक जोडण्या भरलेल्या असतात. ज्या ओळीत तुमचे दोन आकडे आहेत तीच बदला. सेव्ह करा.

मग ‘लॅन’च्या (घरातल्या नेटवर्कच्या) पानावर जाऊन डीएचसीपी, म्हणजे आयपी पत्ते वाटण्याचे काम, बंद करा आणि मोडेमचे वायफायही बंद करा. वायफाय चालू ठेवले तर घरात दोन नेटवर्क दिसतात आणि कोणीतरी नेमक्या बंद नेटवर्कला जोडून ‘नेट गेलं’ म्हणून ओरडते. मोडेम बंद करून पुन्हा चालू करा. आता बहुतेक मोडेमांवरचा ‘इंटरनेट’ दिवा लागणार नाही. घाबरू नका, लॉगिन करणे आता त्याचे काम नाही. ‘डीएसएल’ दिवा स्थिर आहे ना, एवढेच बघा.

राउटरवर लॉगिन

मोडेमच्या लॅन भोकातून केबल राउटरच्या वॅन भोकात. संगणक किंवा मोबाइल राउटरला जोडा, त्याचे पान उघडा, इंटरनेटचा प्रकार ‘पीपीपीओई’ निवडा आणि ब्रॉडबँडचे युजरनेम-पासवर्ड भरा. युजरनेममध्ये @ आणि त्यापुढचे अक्षरन् अक्षर हवे. एमटीयू, म्हणजे एका वेळी पाठवायच्या पाकिटाचा कमाल आकार, १४९२ ठेवा. इथरनेटच्या १५०० बाइटांतले आठ पीपीपीओई स्वतःकडे ठेवते, म्हणून. बहुतेक राउटर हे आपसूक करतात, पण काही संकेतस्थळे उघडतात आणि काही नुसती फिरत राहतात असे झाले, तर आधी हाच आकडा तपासा.

राउटरचा स्वतःचा पत्ताही १९२.१६८.१.१ असेल तर तो १९२.१६८.२.१ करा. नेट तसेही चालेल, पण पुढे कधी संगणक दोन्ही डब्यांना आळीपाळीने जोडून बघायची वेळ आली की आपण कोणाचे पान उघडले आहे हे कळेनासे होते. वायफायला नाव आणि चांगला पासवर्ड दिला की काम झाले.

नेट आले नाही तर

‘ऑथेंटिकेशन फेल’ असा संदेश आला तर आनंद माना. ब्रिज नीट झाला आहे, पलीकडचा सर्व्हर उत्तर देतो आहे, फक्त युजरनेम किंवा पासवर्ड चुकला आहे. पलीकडून उत्तरच येत नसेल तर आधी थोडे थांबा. मोडेमने केलेले जुने लॉगिन कंपनीकडे अजून चालू दिसत असते आणि ते सुटेपर्यंत दुसरे स्वीकारले जात नाही. दोन्ही डबे दहा-पंधरा मिनिटे बंद ठेवून आधी मोडेम, त्याचा दिवा स्थिर झाल्यावर राउटर, या क्रमाने चालू करा. तरीही नाही, तर राउटर काढा, संगणक मोडेमला लावा आणि विंडोजमधल्या ‘ब्रॉडबँड’ जोडणीत तेच युजरनेम-पासवर्ड टाकून डायल करा. संगणकावर चालले तर चूक राउटरच्या सेटिंगमध्ये. तिथेही नाही, तर मोडेमची ओळ किंवा ते दोन आकडे पुन्हा बघा. तक्रार नोंदवतानाही ही चाचणी आधी करून ठेवलेली बरी, कारण पलीकडून पहिला प्रश्न ‘थेट जोडून पाहिलं का?’ हाच येतो.

वरचेवर तुटत असेल तर मोडेमच्या ‘स्टेटस’ पानावर एसएनआर मार्जिन, म्हणजे तारेवरच्या गोंगाटात सिग्नल टिकायला किती वाव आहे ते, बघा. ब्रिज केल्यावर ते पान उघडायला संगणक मोडेमला जोडून त्याला हाताने १९२.१६८.१.५ असा पत्ता द्यावा लागतो. मार्जिन सहा डेसिबलच्या खाली घसरत असेल तर लाइन टिकणार नाही. दहाच्या वर असूनही तुटत असेल तर अॅडॉप्टरवर संशय घ्या. जुने अॅडॉप्टर मोडेमच्या आधी थकतात.

दुकानातला सीसीटीव्ही बाहेरून बघायचा म्हणून हा खटाटोप करत असाल, तर राउटरचा वॅन पत्ता तपासा. तो १०. ने सुरू होत असेल किंवा १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यात असेल, तर कंपनीने तुम्हाला सामायिक पत्ता दिला आहे आणि पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून आलेली जोडणी आतल्या उपकरणाकडे वळवणे, चालणार नाही. त्यासाठी स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतंत्र पत्ता, मागावा लागतो.

पासवर्ड मिळतच नसेल तर

मोडेमला आहे तसाच राहू द्या. नव्या राउटरमध्ये ‘अॅक्सेस पॉइंट’ मोड निवडा. तो नसेल तर राउटरचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, त्याचा डीएचसीपी बंद करा आणि मोडेमची केबल वॅनऐवजी लॅन भोकात घाला. पत्ते मोडेम वाटेल, वायफाय नवा डबा देईल. नुसते वायफाय सुधारायचे असेल तर मला हाच मार्ग अधिक पसंत आहे, ब्रिजच्या फंदात पडायची गरजच नाही.

आणि वळवाच्या दिवसांत विजा कडाडायला लागल्या की नुसता स्विच बंद करून भागत नाही. वीज टेलिफोनच्या तारेतूनही येते, आणि मोडेममधून केबलने थेट नव्या राउटरपर्यंत पोचते. भिंतीतली टेलिफोनची पिनही काढून ठेवा.