वळूच्या वीर्यातील प्रथिनांचा अभ्यास : नव्याने येणाऱ्यांसाठी काही अनुभव

चोपडा तालुक्यातील आमच्या गावात गाय उलटली, म्हणजे रेतन (वीर्य गर्भाशयात सोडणे) करूनही गाभण न राहता पुन्हा माजावर आली, की दोष गायीच्याच माथी मारला जाई. वळूची परीक्षा म्हणजे शुक्राणू किती आहेत आणि कसे पळतात हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, एवढेच मलाही जळगावला जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करेपर्यंत ठाऊक होते. या परीक्षेत सारख्याच उतरलेल्या दोन वळूंपैकी एकाच्या रेतनाने गायी लवकर गाभण राहतात आणि दुसऱ्याच्या वारंवार उलटतात, हे कोडे पुढे माझ्या पीएच.डी.चा विषय झाले.

शुक्राणू ज्या द्रवात असतात त्या वीर्यद्रवातील प्रथिने शुक्राणूंच्या पटलावर (बाहेरच्या आवरणावर) जाऊन बसतात आणि त्यांची वागणूक बदलतात. वळूच्या वीर्यद्रवात बीएसपी (शुक्राणूंना चिकटणाऱ्या) गटातील प्रथिने भरपूर असतात. ती पटलातील कोलेस्टेरॉल बाहेर काढतात, आणि गायीच्या प्रजननमार्गात शुक्राणू फलनक्षम होण्यासाठी हे घडावेच लागते. परंतु वीर्य साठवताना हाच संपर्क लांबला, तर शुक्राणूंचे नुकसान होते. म्हणजे तेच प्रथिन वेळेनुसार तारक किंवा मारक ठरते, आणि मला या विषयाची ओढ लागली ती येथेच. 1993 साली अमेरिकेतील होल्स्टीन वळूंच्या अभ्यासात अधिक प्रजननक्षम वळूंच्या वीर्यद्रवात काही प्रथिने जास्त आढळली. त्यांपैकी एक ऑस्टिओपॉन्टिन असल्याचे नंतर स्पष्ट झाले.

पहिल्या वर्षी माझ्या हातून झालेली चूक येथे सविस्तर सांगते. ताजे वीर्य मिळवणे कठीण, म्हणून मी गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या (बारीक नळ्या) आणल्या. 0.25 मिलीची कांडी उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमधून काढून 37 अंशांच्या पाण्यात 30 सेकंद धरली, प्रथिने वेगळी केली आणि जेलवर, म्हणजे विजेच्या साहाय्याने प्रथिने आकारानुसार पट्ट्यांत वेगळी करणाऱ्या थरावर, चालवली. पट्टे इतके ठसठशीत उमटले की दोन आठवडे मी आनंदात होते. मार्गदर्शक बाईंनी एकच प्रश्न विचारला, “यात अंड्याचा बलक किती आहे?” गोठवण्यापूर्वी वीर्यात मिसळतात त्या द्रावणात बलक असतो, आणि माझ्या जेलवर प्रामुख्याने कोंबडीच्या अंड्याची प्रथिने होती. बलकातील मेदप्रथिने बीएसपीला धरून ठेवतात व शुक्राणूंचे रक्षण करतात, हेही मला त्याच दिवशी नीट उमगले. तेव्हापासून वीर्यद्रवासाठी मी ताजेच वीर्य घेते, ते लगेच थंड करून सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवते, प्रथिने तुटू नयेत म्हणून त्यात प्रोटिएज रोधक घालते आणि वरचा द्रव लहान लहान भागांत गोठवते, जेणेकरून एकच नमुना पुन्हा पुन्हा वितळवावा लागू नये.

प्रथिने ओळखणारे यंत्र, म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर, चालवणे शिकता येते. त्याहून अवघड आहे ते वळूला “कमी प्रजननक्षम” ठरवणे. गाय सकाळी माजावर आली तर सायंकाळी रेतन करावे, हा साधा नियम चुकला तरी ती उलटते आणि नोंद मात्र वळूच्या खात्यावर जाते. म्हणून एका वळूची अनेक गावांतील, वेगवेगळ्या व्यक्तींनी केलेली भरपूर रेतने हाती असल्याशिवाय त्याला कोणत्याही गटात टाकू नये. खान्देशच्या उन्हाळ्याचाही विचार करावा लागतो. वळूमध्ये शुक्राणू तयार होण्यास सुमारे 61 दिवस लागतात आणि त्यानंतर ते आठ ते अकरा दिवस अधिवृषणात (वृषणाला लागून असलेल्या, शुक्राणू पक्व होणाऱ्या नळीत) असतात; त्यामुळे मे महिन्यातील उष्म्याचा परिणाम जुलैच्या वीर्यातही दिसू शकतो. नमुन्याच्या वहीत तारखेबरोबर मागील अडीच महिन्यांचे तापमान लिहावे, हा माझा आग्रह आहे.

या कामासाठी पशुवैद्यकाचीच पदवी हवी असे नाही. जीवरसायन किंवा जैवतंत्रज्ञानाचे विद्यार्थीही येऊ शकतात. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी प्रयत्न करावा, मात्र त्याआधी निदान महिनाभर गावातील रेतन करणाऱ्या डॉक्टरांबरोबर फिरावे. यावल भागात असेच फिरताना एका शेतकरी काकांनी मला विचारले होते, “ताई, वळू चांगला शे, मंग गाय काब्र उलटस?” (वळू चांगला आहे, मग गाय का उलटते?) एका प्रथिनावरून वळू निवडता येईल इतके ज्ञान अद्याप आपल्याजवळ नाही, हे मी त्यांना प्रामाणिकपणे सांगितले आणि त्यांच्या गायीच्या माजाच्या तारखा वहीत उतरवून घेतल्या.