डोंगर राखायच्या कामात येताय? आधी शीव पायी फिरा

सामूहिक वनहक्क म्हणजे अख्ख्या गावाचा जंगलावरचा कायदेशीर हक्क, ग्रामसभा, असा हक्क मिळवलेलं गडचिरोलीतलं मेंढा-लेखा गाव हे सगळं तुम्ही वाचलेलं असणार, म्हणून ते पुन्हा उगाळत नाही. मी हे काम मेळघाटातल्या एका कोरकू गावात शिकलो. जिथं फसलो, तेवढंच सांगतो.

हद्द. वनहक्काच्या दाव्यासाठी उपग्रहाच्या नकाशात डोंगराची धार बघून मी रेघ ओढली, वन विभागानं जंगलाच्या तुकड्यांना दिलेले कक्ष क्रमांक टाकले. ग्रामसभेत सगळ्यांनी माना डोलावल्या. पडताळणीला वनरक्षक, तलाठी आले, शेजारच्या गावची माणसंही नाल्यावर उभी. आमच्याच एका आजोबांनी काठीनं पलीकडचा उतार दाखवला, "हे आपलं नोहे बाप्पा. तिकडं त्याइची ढोरं चरतात." दावा परत आला. दोन गावांची बोलचाल बंद झाली. वर्ष वाया गेलं आणि ते मला अजून बोचतं.

शिवफेरी, म्हणजे गावच्या हद्दीवरची फेरी, पायीच करा. गुराखी, म्हातारी माणसं, मोहफुलं वेचणाऱ्या बाया सोबत हव्यातच. कोरकूंच्या मुठवा देवाचे दगड, वीज पडलेला साग, नाल्याचं वळण या खुणा त्यांनाच ठाऊक. दर खुणेला थांबा, जीपीएसवर नोंद घ्या, कोण काय म्हणालं ते तिथंच लिहा, सही-अंगठा घ्या. वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब नियमांनुसार पुरावाच आहे. शेजारच्या ग्रामसभेला आधी बोलवा. रान दोघांचं असेल तर तसंच लिहा.

दुसऱ्या गावाची तयार फाइल कुणी पाठवली तर ती वापरू नका. मला शहरातल्या मार्गदर्शकांपेक्षा एका निवृत्त कोतवालानं जास्त शिकवलं.

निस्ताराचा, म्हणजे सरपण-चराईसारख्या रोजच्या गरजांच्या हक्काचा, नमुना भरला म्हणजे रान राखायचा हक्क आला, असंही समजू नका. त्यासाठी वनहक्क कायद्याच्या २०१२ च्या सुधारित नियमांतला तिसरा नमुना वेगळा भरावा लागतो. सभेला निम्मे सभासद हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया.

पर्यटकांसाठी पायवाट काढायची असेल तर पाणवठ्यापासून लांबून काढा. मार्च-एप्रिलमध्ये मोहाखाली अस्वलं येतात, तेव्हा वाट बंदच ठेवा, कितीही पैसे बुडू देत. व्याघ्रप्रकल्पाच्या हद्दीत वन विभागाच्या परवानगीशिवाय कुणाला नेऊच नका.

घाबरू मात्र नका. याच अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीरनं २०१२ मध्ये हक्क मिळवला आणि उजाड टेकडी हिरवी केली. तीही तुमच्याआमच्यासारखीच माणसं.

आमच्या दुसऱ्या शिवफेरीला शेजारच्या गावची १८ माणसं आली. नाल्यावर बसून सगळ्यांनी भाकर खाल्ली. उठताना आजोबांनी तीच काठी पुढं केली आणि त्यांच्या पाटलांच्या हातानं हद्दीवर दगड ठेवून घेतला.