पुराचे पैसे भलत्याच खात्यात

शिरोळ तालुक्यात पंचगंगेकाठी आमचं उसाचं रान. पुरात शेंडे कुजले, पंचनामा झाला, यादीत नावही आलं. पैसे मात्र येईनात. तलाठ्याकडनं मदतीच्या यादीतला आपला विशिष्ट क्रमांक घेतला, सेवा केंद्रात ई-केवायसीला गेलो. पाला ओढून झिजलेला अंगठा मशीन घेईना! हात धुऊन चौथ्यांदा मधलं बोट लावलं, तेव्हा कुठं घेतलं. तरी खातं कोरडंच.

मग पोरानं आधारच्या साइटवर ‘बँक सीडिंग’, म्हणजे आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते, बघितलं. (हे आधी बघितलं असतं तर चार हेलपाटे वाचले असते.) आधार जोडलेलं होतं गॅसच्या सबसिडीसाठी काढलेल्या जुन्या खात्याला. बागायतीच्या हेक्टरी १७,००० च्या हिशेबानं रक्कम तिथंच पडून होती. पासबुक ट्रंकेच्या तळाशी सापडलं, उंदरानं कोपरा कुरतडलेलं.