हॅल्डेक्स कपलिंगमधील तेल बदलणे आणि हवा काढणे

शेंद्र्याच्या कारखान्यात जुळणी होणारी स्कोडा कोडियाक किंवा 2017 पासून भारतात विकली गेलेली फोक्सवॅगन टिग्वान यांसारख्या गाड्यांत मागच्या डिफरन्शियलच्या, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याच्या, पुढच्या अंगाला तेलाच्या दाबावर चालणारे एक कपलिंग असते; गरज पडेल तेव्हा ते मागच्या चाकांना ताकदीशी जोडते. हॅल्डेक्स या मूळच्या स्वीडिश कंपनीचा हा व्यवसाय 2011 मध्ये बोर्गवॉर्नरकडे गेला, तरी गॅरेजमध्ये आजही त्याला हॅल्डेक्सच म्हणतात. पुढील कृती या कपलिंगच्या पाचव्या पिढीची, म्हणजे 2012 नंतरच्या गाड्यांची आहे. 2010 मध्ये आपल्याकडे आलेल्या यती 4x4 मध्ये आधीची पिढी असून तिची रचना वेगळी आहे, त्यामुळे तिच्यासाठी ही कृती जशीच्या तशी वापरू नये.

ब्रेकने एअर पकडली, म्हणजे त्याच्या तेलात हवा शिरली, की निपल (हवा सोडण्याचा छोटा स्क्रू) सैल करून, पेडल दाबून ती काढायची, ही पद्धत बहुतेकांना परिचित असते. निसानच्या 1989 च्या स्कायलाईन जीटी-आरमध्येही तेलाच्या दाबावर चालणाऱ्या क्लचसाठी असे निपल दिलेले होते. पाचव्या पिढीच्या हॅल्डेक्समध्ये मात्र हवा काढण्यासाठी निपल शोधत बसण्यात अर्थ नाही. एक छोटी विद्युत मोटर पंप फिरवते, पंपाने निर्माण केलेला दाब पिस्टनवर येतो, पिस्टन क्लचच्या चकत्या एकमेकींवर आवळतो आणि मागच्या चाकांकडे ताकद जाऊ लागते. यात दाब मोजणारा वेगळा सेन्सर नाही. मोटर किती विद्युतप्रवाह घेते यावरून कंट्रोल युनिट दाबाचा अंदाज बांधते. तेल दाबले जात नाही आणि हवा दाबली जाते, म्हणून पंपाच्या मार्गात हवा राहिली तर चकत्या उशिरा आवळल्या जातात, ओल्या चढावर पुढची चाके जागीच फिरतात आणि तरीही डॅशबोर्डवर एकही दिवा लागत नाही. म्हणूनच येथे हवा काढणे याचा अर्थ तेल नीट भरणे, पंप चालवणे, हवा वर येऊ देणे आणि तेल पुन्हा भरणे असा घ्यावा.

काम सुरू करण्यापूर्वी गाडी पूर्णपणे थंड होऊ द्यावी आणि ती चारही बाजूंनी सपाट पातळीत उचलावी. लिफ्ट नसेल तर चार भक्कम घोड्या (गाडी टेकवण्याचे लोखंडी स्टँड) लावाव्यात. डिकीतल्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. सपाट पातळीचा आग्रह निव्वळ सुरक्षिततेसाठी नाही. तेलाची पातळी भरण्याच्या भोकाच्या काठावरूनच ठरत असल्यामुळे गाडीचे नाक थोडे जरी वर राहिले, तरी माप चुकते. गाडीच्या मॉडेलसाठी कंपनीने ठरवलेले हॅल्डेक्सचे तेल, पंपाच्या नव्या ओ-रिंगा (गळती रोखणाऱ्या रबरी कड्या), प्लगच्या नव्या सीलिंग रिंगा, तेल भरण्याचा हातपंप, ब्रेक क्लीनर आणि ऑल व्हील ड्राइव्हच्या 22 क्रमांकाच्या मॉड्यूलशी बोलू शकणारे व्हीसीडीएससारखे निदानयंत्र हाताशी ठेवावे. गिअरचे तेल किंवा पॉवर स्टीअरिंगचे तेल येथे चालत नाही.

यातली सर्वांत महागात पडणारी चूक पहिल्याच पायरीवर होते. डिफरन्शियलचे गिअर ऑइल आणि हॅल्डेक्सचे तेल दोन वेगळ्या कप्प्यांत असते, पण त्यांचे प्लग जवळजवळ असतात, त्यामुळे घाईत डिफरन्शियल रिकामे होते आणि हॅल्डेक्समध्ये जास्तीचे तेल जाते. सर्व्हिस मॅन्युअलमधील आकृती समोर धरून प्लग ओळखावेत आणि त्यांवर खडूने खूण करावी. चुकून उघडलेल्या प्लगमधून जाडसर, गंधकासारखा उग्र वास असलेले तेल येऊ लागले तर ते गिअर ऑइल आहे, हे समजून लगेच थांबावे. खालचा प्लग काढण्याआधी वरचा, भरण्याचा प्लग सुटतो की नाही, हे नेहमी तपासावे. तेल सांडून झाल्यावर वरच्या प्लगचे आटे गेल्याचे कळले तर गाडी जागची हलवता येत नाही.

जुने तेल निथळल्यावर पंप बाहेर काढावा. कंपनीच्या वेळापत्रकात सहसा ठरावीक वर्षांनी तेल बदलण्यास सांगितलेले असते, पण पंपाच्या टोकाशी असलेली बारीक जाळी साफ करण्याचा उल्लेख बऱ्याचदा नसतो आणि माझ्या मते निम्मा बिघाड तिथेच असतो. आजूबाजूची माती आधी ब्रशने झाडून घ्यावी, इग्निशन बंद असल्याची खात्री करून विद्युत जोडणी सोडवावी आणि दोन स्क्रू काढून पंप हाताने हळूहळू डोलवत ओढावा. चकत्यांच्या झिजेतून आलेला काळा, चिखलासारखा लगदा जाळीवर बसलेला दिसेल. तो ब्रेक क्लीनरने धुवावा, मात्र फवारा मोटरच्या बाजूला जाऊ देऊ नये आणि जाळी टोकदार वस्तूने खरवडू नये. नव्या ओ-रिंगांना ताजे तेल चोळून पंप हाताच्या दाबाने पूर्ण आत बसवावा. स्क्रू आवळून पंप आत ओढून घेतला तर ओ-रिंग चिमटते आणि पुढे तिथूनच हवा शिरते.

आता खालचा प्लग नव्या रिंगेसह, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या ठरावीक जोराने) आवळावा आणि भरण्याच्या भोकातून हातपंपाने तेल सावकाश सोडावे. जोरात भरलेल्या तेलाचा फेस होतो आणि जी हवा काढायची तीच आपण आत घालतो. तेल काठावरून ओघळू लागले की थांबावे आणि काही मिनिटे तसेच राहू द्यावे. पातळी खाली गेलेली दिसेल, तेव्हा पुन्हा काठोकाठ भरावे. त्यानंतर प्लग हाताने लावून बॅटरीला चार्जर जोडावा आणि निदानयंत्रातून पंप चालवण्याची चाचणी घ्यावी. चाचणीसाठी इंजिन सुरू करावे लागले तर गिअर पार्किंगमध्येच ठेवावा. केवळ एका ॲक्सलची चाके उचललेली असताना गाडी गिअरमध्ये टाकू नये, कारण कपलिंगने पकड घेतली तर गाडी घोड्यांवरून निसटू शकते.

पंप पहिल्यांदा फिरताना आवाज कर्कश आणि हलका येतो. तेल पकडल्यावर तो जड आणि एकसारखा होतो. चाचणी थांबवून पुन्हा काही मिनिटे जाऊ द्यावीत. या वेळात रिकाम्या वाटांमध्ये तेल शिरलेले असते आणि बुडबुडे वर आलेले असतात, म्हणून प्लग उघडल्यावर पातळी पुन्हा खाली सापडते. तेल भरणे, पंप चालवणे आणि वाट पाहणे हा क्रम पातळी काठावर स्थिर राहीपर्यंत चालू ठेवावा. मोटरचा विद्युतप्रवाह पडद्यावर पाहत राहिल्यास अंदाज अधिक पक्का होतो, कारण हवा ओढणारा पंप मोकळा फिरतो, कमी प्रवाह घेतो आणि आकडा वरखाली होत राहतो. अनेकदा तेल भरूनही आकडा स्थिरावत नसेल तर पुढे तेल ओतत बसू नये. पंप पुन्हा उतरवून ओ-रिंग आणि जाळी तपासावी. तेल कमी असताना पंप दीर्घकाळ चालवल्यास तो कोरडाच झिजतो.

शेवटी भरण्याचा प्लग नव्या रिंगेसह आवळावा, मॉड्यूलमधील जुने फॉल्ट कोड पुसावेत आणि गाडी थोडे अंतर चालवून आणावी. मोकळ्या मैदानातल्या खडीवर किंवा ओल्या गवतावर थांबलेली गाडी जरा जोरात काढून पाहावी. पुढच्या चाकांनी माती उडवण्याआधीच मागून ढकलल्याची जाणीव झाली पाहिजे. गाडी परत थंड झाली की सपाट जागी पातळी आणखी एकदा तपासावी आणि पंपाच्या बुडाशी ओल दिसत नाही ना, हे बोटाने चाचपून पाहावे. काढलेले तेल गटारात न ओतता डब्यात भरून वापरलेले तेल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये द्यावे.